अंगातलं लोखंड

आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्या काटेवाडीतली रीत. चांगलीच रीत आहे, मी कशाला नावं ठेवू? पण माझ्या नवऱ्याला याच रीतीनं खाल्लं. जो यायचा तो पिशवीतून काहीतरी काढून उशाशी ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या, रगत वाढंल." खजूर, डाळिंबं, गुऱ्हाळावरची काकवी, नाहीतर लाल टॉनिकची बाटली. ती बाटली म्हणजे त्या वेळी मोठा मानाचा आहेर. औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं 'टॉनिक द्या' म्हटलं की मिळायची. लोखंडाचं टॉनिक. आणि माझ्या नवऱ्याचा आजार काय? अंगात लोखंड जास्त झालं होतं. हसा. सगळं गाव हसलं, तुम्हीही हसून घ्या.

मी इंदापूर तालुक्यातल्या कळसची. तिकडं तेव्हा पाण्याची बोंब, म्हणून पोरगी बागायतीत पडली याचा माझ्या वडिलांना कोण अभिमान! सासरी सासू होत्या, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. हे थोरले, त्यांच्या पाठचे माझे दीर, आणि एक नणंद डाळजला दिलेली. सासऱ्यांच्या हयातीत घरात मेंढरं होती. ती गेली, ऊस आला. दीर ऊस बघायचे, हे दुधाच्या डेअरीत कामाला होते. मेंढरं गेली तरी त्यांच्याबरोबरच्या रीती काही गेल्या नाहीत. कुणी अंथरूण धरलं की बकऱ्याचं काळीज निखाऱ्यावर भाजायचं, वर मीठ भुरभुरायचं आणि आजाऱ्याच्या हातात द्यायचं. घरातल्या बाकीच्यांनी त्याला शिवायचंसुद्धा नाही. माझ्या बाळंतपणातही आत्याबाईंनी मला ते दिलं होतं, मी नाही म्हणत नाही. गोड लागलं होतं.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. ह्यांची बोटं दुखायला लागली. दुधाचा कॅन उचलला की कळ मनगटापर्यंत यायची. माणूस बसल्या जागी दमायचा. अंग काळं पडायला लागलं, पण उन्हानं रापतं तसं नाही, बिडाच्या तव्यासारखं राखी-काळं. गावातल्या डॉक्टरनं डोळ्याची पापणी खाली ओढली, बघितलं आणि म्हणाला, रक्त कमी आहे. रक्त तपासलं का? छे! पापणी ओढली, झालं. गोळ्या, टॉनिक, कमरेत इंजेक्शनं. वर्षभर हेच चाललं. वर्षानं पोट पुढं आलं आणि पायांवर सूज चढली, तेव्हा तोच डॉक्टर म्हणाला, बारामतीला दाखवा.

बारामतीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पहिला प्रश्न विचारला, "किती पिता?" अहो, आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात विडीसुद्धा ओढली नाही. मी तसं सांगितलं, तर ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, नवऱ्याला पाठीशी घालू नका." मला वाटलं, तिथंच टेबल उलटं करावं. 'लिव्हर' हा शब्द आमच्याआधी गावात पोचला होता. डेअरीवर दूध घालायला येणारी माणसं कुजबुजायला लागली, एवढा साधा दिसतो, पण लपून मारत असणार. ह्यांनी ते ऐकलं. घरी येऊन जेवले नाहीत.

पुढं पुण्याला गेलो. तिथं एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दारूचं एकदाच विचारलं, उत्तर ऐकलं आणि ते खरं धरलं. एवढ्यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुष्कळ तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. "यांचं रक्त कमी नाहीच. अंगात लोखंड फार साठलंय. जास्तीचं लोखंड बाहेर टाकायची शरीराला सोय नसते, मग ते लिव्हरमध्ये जाऊन बसतं. लिव्हर त्यानं खराब झालंय. त्यात तुम्ही वर्षभर गोळ्या आणि टॉनिक घालत राहिलात."

मग काय करायचं, काय नाही, हे त्यांनी मला नीट समजावलं. टॉनिक आणि लोखंडाच्या गोळ्या आजपासून बंद. त्या 'सी' व्हिटॅमिनच्या नारिंगी चघळायच्या गोळ्या लोक चॉकलेटसारख्या खातात, त्याही बंद, कारण त्या खाल्ल्या की पोट लोखंड जास्त ओढून घेतं. काळीज अजिबात नाही. लोखंडी कढईत शिजवायचं नाही. दारूचा थेंब नको. भाकरी, डाळ, भाजी, दूध, ताक पोटभर द्या, मीठ मात्र हात राखून. जेवणाबरोबर चहा प्यायले तर उलट बरंच, त्यानं लोखंड कमी लागतं अंगी. आणि मधून मधून बाटलीभर रक्त काढून टाकायचं. नवीन रक्त तयार करायला शरीर साठलेलं लोखंड वापरतं, तसा साठा उतरतो. "लिव्हर गेलंय तेवढं गेलं," त्या म्हणाल्या, "पण उरलंय तेवढ्यावर माणूस पुष्कळ वर्षं जगतो. तुमच्या हातात आहे." निघताना म्हणाल्या, हे कधी कधी घराण्यात असतं, ह्यांच्या भावंडांनाही तपासून घ्या.

तुमच्या हातात आहे! त्यांना काय माहीत, माझ्या हातात काय काय होतं ते.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लोकंड? माज्या लेकाच्या प्वाटात? त्यो काय खिळं खातुय व्हय?" दीर हसत हसत आत गेले आणि मोडक्या रेडिओतलं चुंबक काढून आणलं. ह्यांचा सदरा वर करून ते सुजलेल्या पोटाला लावलं. "चिकटंना की दादा! डाक्टरीण येड्यात काढती तुला!" ह्यांनाही हसू फुटलं, पोट गदागदा हलायला लागलं. मी सोडून सगळी हसली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच संताप आला. मी म्हटलं, "हसा, हसा! माणूस मरायला टेकलाय आन् तुम्हांला खेळ सुचतोय." तशा आत्याबाई कडाडल्या, "मरायचं नाव काढू नगंस माज्या घरात. अवदसा कुठली!" भावंडांना तपासायचं मी बोलले, तर दीर म्हणाले, "मला काय धाड भरलीय, वैनी?"

मी लोखंडी कढई आणि तवा माळ्यावर टाकला. भाकरीला खापराचा तवा आणला, कालवणाला जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. ह्यांच्या ताटाशेजारी चहाचा कप ठेवायला लागले. आत्याबाई तो कप बघून तोंड फिरवायच्या. "चानं काळीज जळतं. कुटं शिकलीस गं ही रीत, कळसात?" आणि पाहुणे! ते काही थांबत नव्हते. मी दारातच बाटली हातातून काढून घ्यायची, वर गोड बोलायची आणि मागच्या दारी जाऊन पपईच्या बुडात ओतायची. एकदा आत्याबाईंनी ते बघितलं. मग काय विचारता! सगळ्या आळीत झालं, ही नवऱ्याच्या तोंडचं औषध झाडाला घालती.

रक्त काढायचं म्हटल्यावर तर आकाशच कोसळलं. "लोकं रगताच्या बाटलीसाठनं पाया पडत हिंडत्यात," आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आन् आमची सून नवऱ्याचं रगत काढून गटारीत वतून येती." पण तोपर्यंत हे माझं ऐकत होते. एस.टी.नं आम्ही दोघं पुण्याला जायचो. ते खाटेवर पडायचे, नळी लागायची, मी शेजारी बसायची. पहिल्यांदा बाटली भरताना मी तोंड भिंतीकडं फिरवलं. ते मात्र म्हणाले, "अगं, हलकं वाटतंय."

आणि खरंच गुण आला. चार-सहा महिन्यांत पायांची सूज गेली. बोटांची कळ कमी झाली. एक दिवस डेअरीतून आले ते दारातूनच ओरडत आले, "आज कॅन एकट्यानं उचलला!" आमची मुलगी तेव्हा शाळेत जात होती, तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरले. मी चुलीपुढं बसून ते बघत होते. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. आत्याबाईही खुश होत्या. त्या म्हणायच्या, देवाला बोलले होते, देवानं ऐकलं. म्हणू देत, मी म्हटलं. माणूस जगला की झालं, नाव कुणाचं का होईना.

मग पुण्याचा एक रिपोर्ट बिघडून आला. त्याच्या पुढचा आणखी वाईट. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच कडक आवाजात मला विचारलं, "तुम्ही घरी नक्की काय खायला घालता यांना?" मी शपथेवर सगळं सांगितलं. त्यांना पटलं नाही, ते मला दिसलं. हे शेजारी बसून सदऱ्याच्या गुंडीशी खेळत होते. परत येताना एस.टी.त मी सारखी आठवत होते, कशात चुकलं माझं? भाजीत? पाण्यात? विहिरीच्या पाण्यात लोखंड असतं का, हेसुद्धा मी लोकांना विचारून आले. अशी खुळ्यासारखी झाले होते.

त्यानंतर मी माहेरी गेले होते. कळसहून परतताना आईनं बोरं बांधून दिली. वाट थोडी वाकडी करून वन्संना देऊन जावीत, म्हणून मी डाळजला उतरले. नणंदेच्या दारात आमच्या डेअरीची गाडी उभी. डेअरीच्या कामानं हे भिगवणकडं जातात हे मला माहीत होतं. मला वाटलं, बहिणीला भेटायला थांबले असतील. मी आत गेले. पडवीत हे मांडी घालून बसले होते. पुढ्यात ताटली, ताटलीत भाजलेलं काळीज, शेजारी वाटीभर काकवी. टॉनिकची बाटली उघडी, तिचं टोपण भरून ठेवलेलं. वन्सं निखाऱ्यापुढं बसून पुढचा तुकडा उलटत होत्या.

त्या बाईला लाज वाटावी की नाही? म्हणाल्या, "या वैनी, बसा की."

मी विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"दिवाळीपासनं. दर आठवड्याला येतुय दादा. आईनंच सांगावा धाडलाय. तुमी त्येला चारीना, मग भनीनं बी चारू न्हाय व्हय?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. तोंडातला घास चावायचे थांबले होते, पण थुंकले नाहीत. गिळला. माझ्या डोळ्यांदेखत गिळला.

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "आईनं शपथ घातली होती, तुला सांगायचं न्हाय म्हणून. आन् भन पुढ्यात ताट ठेवती, ते सारायचं कसं? त्यांचं मन मोडवंना मला."

"आन् माझं?" मी म्हटलं.

मी रोज त्यांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवत होते, भांडत होते, शिव्या खात होते, आणि हा माणूस आठवड्याला एकदा सगळ्यावर पाणी ओतून निमूटपणे घरी येत होता. मला त्या दिवशी त्यांचा जितका राग आला, तितका सासूचाही कधी आला नाही. सासूला कळत नव्हतं. ह्यांना कळत होतं.

घरी भांडणाचा भडका उडाला. आत्याबाईंनी शेवटचं हत्यार काढलं. ह्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आता जर रगत काढाय गेलास, तर माजं मेल्यालं त्वांड बगशील." झालं. हे खाली मान घालून बसले. मी पाया पडले, बोलणं टाकलं, मुलीला पुढं करून बघितलं. दर वेळी एकच उत्तर, "ऊस गेला की जाऊ." ऊस गेला. "उन्हाळा सरला की जाऊ." डाळजला जाणं तेवढं बंद झालं नाही.

एका सकाळी राखुंडीनं दात घासताना त्यांना उलटी झाली. मोरी लाल झाली. दिरांनी जीप बोलावली. पुण्याच्या वाटेवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तोंडाखाली पातेलं धरलं होतं. मध्ये कुठंतरी त्यांनी डोळे उघडले, माझा हात ओढला, काहीतरी सांगायचं होतं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, तुझं खरं होतं. मी कान खाली नेला. म्हणाले, "आईला सांगू नगंस, एवढं रगत पडलं म्हणून."

हेच त्यांचं शेवटचं बोलणं. दवाखान्यात पोचल्यावर ते शुद्धीवर आलेच नाहीत.

दहाव्याला बायका जमल्या होत्या. मी एका बाजूला बसले होते, कुंकू पुसलेली. माझ्यासमोर, मला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलत होत्या, रगत काढून काढून वाळवला, अंगात थेंब ठेवला न्हाय, मग दुसरं काय हुणार? आत्याबाईंनी पदर तोंडाला लावून मान हलवली. माझ्यात उठून बोलायचं त्राण नव्हतं, आणि बोलले असते तर नवरा मेला त्या दिवसांतही हिची जीभ चालते, हे झालंच असतं. मी माहेरी गेले नाही. मुलीची शाळा इथं होती. त्याच घरात, त्याच चुलीवर, त्याच माणसांना करून घालत राहिले. माळ्यावरची लोखंडी कढई आत्याबाईंनी खाली काढली. मी ती घासली आणि तिच्यात भाजी टाकली.

दोनेक वर्षं गेली असतील. दिरांची बोटं दुखायला लागली. पहिल्यांदा मी लक्षच दिलं नाही, शेतात राबतोय, दुखत असतील. मग रंग बदलायला लागला. मी ओळखला तो रंग. कुणाला काही बोलले नाही. कुणाजवळ बोलणार? पण आत्याबाईंनीही ओळखला होता. एका दुपारी मी धान्य निवडत होते, तर त्या येऊन माझ्याशेजारी बसल्या. त्या माझ्याजवळ अशा कधी बसत नसत. बराच वेळ खाली बघत सुपातले खडे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुण्याची ती डाक्टरीण... तिचं ठिकाण तुला ठावं हाय न्हवं?"

तेव्हा माझ्या तोंडापर्यंत काय काय आलं! विचारावंसं वाटलं, का? आता का? तुमचं मेलेलं तोंड बघायची शपथ धाकट्याला नाही का घालत? पण दिराची दोन पोरं अंगणात माझ्या मुलीबरोबर खेळत होती, आणि त्यांची आई, माझी जाऊ, माझ्यासारखी कोपऱ्यात बसलेली मला बघायची नव्हती. मी म्हटलं, "ठाऊक हाय. पण तुम्ही पण चला." मला ते आत्याबाईंच्या कानांनी ऐकायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. ह्यांचं विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान खाली घातली. दिरांचं वेळेत सापडलं होतं, लिव्हर अजून धड होतं. त्यांनी पुन्हा सगळं तेच सांगितलं. तेच शब्द. आत्याबाई पदर आवरून ऐकत होत्या, मध्ये मध्ये विचारत होत्या, "आन् काकवी? आन् ताक चालंल न्हवं?" माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

दीर जगले. अजून आहेत, ट्रॅक्टर चालवतात. मधून मधून रक्त काढून येतात आणि कुणी काही म्हणत नाही. घरात काळीज येत नाही. भाकरी खापरावर होते. दिराच्या ताटाशेजारी आत्याबाई स्वतःच्या हातानं चहाचा कप ठेवायच्या. वन्सं एकदा डबा घेऊन आल्या, तर आत्याबाईंनी दारातूनच परत धाडल्या. मला बरं वाटायला हवं होतं. दिरासाठी वाटलंही. पण तो कप ठेवताना बघितलं की मला उठून आत जावं लागायचं.

त्या दिवसांत एकदा लांबची एक मावशी दिरांना बघायला आली. पिशवीतून लाल बाटली काढली. आत्याबाईंनी ती तिच्याच पिशवीत परत कोंबली. म्हणाल्या, "ह्यो आजार येगळा हाय बाई. लोकंड साठतंया. लोकंडाचं औषिद म्हंजी ईख त्येला." आणि तिला सगळं समजावून सांगितलं, गोळ्या, चहा, रक्त काढणं, एकही गोष्ट चुकवली नाही. मी तिथंच बसून लसूण सोलत होते. मावशी ऐकून हळहळली. "आन् थोरला? त्येला पण हेच हुतं व्हय?"

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "त्येला बी हेच. पर त्येच्या टायमाला आमाला सांगणारं कुणी न्हवतंच की गं."

मी म्हटलं, "होतं. मी सांगत होते."

मावशीनं माझ्याकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं. आत्याबाईंनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "बसलीस काय अशी? पावण्यांस्नी पाणी दे आदी."

मी उठले आणि पाणी आणून दिलं.